वजा दोन

२०२४ च्या उन्हाळ्यात एकदा बसमध्ये मोबाइलवर एक बातमी वाचली आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "अरे, मग त्याचे दोन गुण परत द्या की!" मराठीत. समोरच्या बाईंनी कानातले इअरफोन काढून माझ्याकडे पाहिलं. मॉन्ट्रियलमध्ये बसमध्ये कोणी बोलत नाही, आणि बोललंच तर बर्फाबद्दल बोलतं. तसा मीही बर्फाबद्दलच बोललो होतो म्हणा.

बातमी अशी, की फिगर स्केटिंगमध्ये बॅकफ्लिपवर, म्हणजे मागे उलटी कोलांटउडी मारण्यावर, असलेली बंदी त्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं उठवली. टेरी कुबिका नावाच्या अमेरिकन पोरानं १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये ती मारली होती, त्यानंतर ती नियमबाह्य ठरली. पन्नासएक वर्षं हा नियम चालला. फ्रान्सच्या सूर्या बोनालीनं १९९८ मध्ये नागानोला बंदी धाब्यावर बसवून ती मारली आणि वर एका पायावर उतरून दाखवलं. गुण कापले गेले ते गेलेच. अलीकडे तर उडी मारलीत की दोन गुण वजा, मग कितीही सुंदर मारा.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये हे 'वजा दोन' मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

विश्वविजेतेपद स्पर्धा त्या वर्षी आमच्या गावात होती. ऑफिसातल्या एकाला ऐनवेळी जमेना, म्हणून दोन तिकिटं माझ्या टेबलावर आली. लेक दर शनिवारी वस्तीच्या रिंकवर स्केटिंग शिकते, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. २३ मार्च, शनिवार, पुरुषांचा फ्री स्केट, म्हणजे दोन कार्यक्रमांतला दुसरा, लांबलचक. जागा बेल सेंटर, म्हणजे एरवी इथलं हॉकीचं देऊळ. मी मनात म्हटलं, चार तास थंडीत बसून पोरांची नाचगाणी बघायची. हे मी मोकळेपणानं लिहितोय, कारण पुढे माझं जे झालं ते पाहता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमच्या डाव्या हाताला सत्तरीच्या एक मादाम होत्या, पक्क्या केबेकच्या, म्हणजे याच फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातल्या. मांडीवर विणकामाची पिशवी, आणि पिशवीत विणकाम नाहीच. वही, दोन पेनं आणि दुर्बीण. याच शहरात हीच स्पर्धा २०२० मध्ये व्हायची होती, ती कोविडनं रद्द झाली. मादामनी तेव्हाही तिकीट काढलं होतं. "चार वर्षं थांबलेय मी," त्या म्हणाल्या, जणू मीच उशीर केला होता. उजव्या हाताला जपानहून खास आलेल्या दोघीजणी, शोमा उनोचं नाव लिहिलेलं कापडी फलक घेऊन. उनो दोन वर्षं ओळीनं विश्वविजेता, आणि शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे आधीच्या छोट्या कार्यक्रमानंतर, १०७.७२ गुणांनी तोच पहिला होता. दोघी उत्सवाच्या तयारीत होत्या.

पहिल्या गटातच अ‍ॅडम सियाओ हिम फा आला. फ्रान्सचा. शॉर्टमध्ये चुका होऊन बिचारा एकोणिसावा होता, ७७.४९ वर. त्याचे आईवडील मूळचे मॉरिशसचे. हे लेकीनं सांगितल्याबरोबर मी सरसावून बसलो. मॉरिशस म्हणजे आपलंच की. तिथे मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत, गणपती बसवतात. हा पोरगा चिनी वंशाचा आहे आणि त्याचा गणपतीशी काही संबंध नाही हे कळत होतं, पण हजारो माणसांत आपलं म्हणावं असं एक तरी कोणी लागतंच. इथल्या लोकांचंही तेच चाललं होतं. तो फ्रेंच बोलतो म्हणून निम्मं केबेक त्याला घरचा समजत होतं.

चार मिनिटं तो असा स्केट करत होता, जणू एकोणिसावा नंबर दुसऱ्याच कोणाचा आहे. उड्या एकामागून एक उतरल्या. आणि मग, मारायची काहीही गरज नसताना, त्यानं बॅकफ्लिप मारली.

बेल सेंटर उभं राहिलं. मीही. लेक ओरडत होती, जपानच्या दोघी ओरडत होत्या. बसून होत्या त्या फक्त मादाम. त्यांनी वहीत ठळक अक्षरात '−२' लिहिलं, खाली रेघ मारली आणि हसल्या.

"हसताय कशाला? कापले ना गुण?"

"त्यानं विकत घेतली ती उडी," त्या म्हणाल्या. "दोन गुणांना. स्वस्तात."

मला ते तेव्हा पटलं नाही. बर्फ इथला, माणसं इथली, सगळं सभागृह टाळ्या पिटतंय, आणि कागदावर मात्र शिक्षा! बरं, लपूनछपून केलेलं नाही. जानेवारीत युरोपियन स्पर्धेतही त्यानं हेच केलं होतं, तिथेही दोन गुण दिले आणि तरीही सोनं घेऊन गेला. पण तिथे तो पुढे होता. इथे एकोणिसाव्यावरून वर चढताना एकेक दशांश सोन्याच्या भावाचा. मी मनातल्या मनात त्याचा काका झालो आणि त्याला रागावलो.

दोन्ही कार्यक्रम मिळून त्याची बेरीज झाली २८४.३९. मग त्याच्या मागून बाकीचे आले. गटामागून गट संपत होते आणि बोर्डावर वरचं नाव हलत नव्हतं. मादाम दर वेळी वहीत आकडे मांडून मान हलवायच्या. अमेरिकेचा जेसन ब्राउन आला, हवेत चार फेऱ्यांची एकही उडी नाही, पण त्याच्या पायाखाली बर्फ लोण्यासारखा वागत होता. मादामनी डोळे पुसले आणि तरीही लिहिलं, 'कमी पडेल'. कमी पडलं. तो पाचवा.

शेवटच्या गटात जपानच्याच युमा कागियामानं ३०९.६५ करून अ‍ॅडमला पहिल्यांदा खाली ओढलं. आणि इलिया मालिनिन. एकोणीस वर्षांचं पोर, आईवडील दोघंही उझबेकिस्तानकडून स्केटिंग करायचे, हा अमेरिकेचा. त्यानं एकाच कार्यक्रमात चार फेऱ्यांच्या, म्हणजे 'क्वाड', सहा उड्या मारल्या. त्यातली एक क्वाड अ‍ॅक्सल. अ‍ॅक्सलला तोंड पुढे करून झेपावतात आणि पाठमोरं उतरतात, म्हणून ती चार नव्हे, साडेचार फेऱ्यांची. स्पर्धेत ती पुरी करून दाखवणारा पहिला माणूस हाच, २०२२ मध्ये. फ्री स्केटला त्याला मिळाले २२७.७९, तोपर्यंतचा जागतिक उच्चांक. एकूण ३३३.७६. पुढच्या रांगेतला एक जण 'सगळेच विक्रम मोडले' म्हणून नाचायला लागला, तेव्हा मादामनी त्याच्या खांद्यावर पेन टेकवून शांतपणे सांगितलं, "एकूण गुणांचा नाही. तो नेथन चेनचाच आहे. ३३५.३०."

उनोचं बिनसलं. तो २८०.८५ वर, चौथा. जपानच्या दोघींनी फलकाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, साडीची घालतात तशी. मे महिन्यात त्यानं निवृत्ती जाहीर केली तेव्हा मला ती घडी आठवली.

म्हणजे अ‍ॅडम तिसरा. एकोणिसाव्यावरून कांस्यपदक. दोन गुण देऊनसुद्धा चौथ्यापेक्षा ३.५४ ने पुढे. मादाम माझ्याकडे बघत होत्या.

आता खरं सांगायचं ते. त्या रात्री घरी आल्यावर लेकीनं संगणकावर एक कागद उघडून दिला. याला प्रोटोकॉल म्हणतात. स्पर्धा संपते आणि त्याच दिवशी हा कागद सगळ्या जगासाठी खुला होतो. त्यात प्रत्येक खेळाडूची प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी एकाखाली एक. शेजारी तिची मूळ किंमत. क्वाड अ‍ॅक्सल १२.५०, क्वाड लुट्झ ११.५०, क्वाड टो ९.५०. मग नऊ परीक्षकांचे नऊ रकाने, प्रत्येकानं त्या उडीला उणे पाच ते अधिक पाच यांतलं काय दिलं ते. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी काढून टाकायचं, उरलेल्या सातांची सरासरी. तीन जणांचं वेगळं तांत्रिक मंडळ उडी पुन्हा पुन्हा पाहून ठरवतं की फेरी पुरी झाली की पाव कमी पडली. पाव! फेरीच्या पाव भागासाठी तीन माणसं आणि कॅमेरा. आणि तळाशी, अ‍ॅडमच्या कागदावर, कपात: वजा दोन.

रात्री दीडपर्यंत मी तो कागद वाचत होतो. बायको उठून बघून गेली, तिला वाटलं टॅक्सची नोटीस आली.

तुमच्यातल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, मी साताऱ्यात मल्लखांब करायचो. अंगाला एरंडेलाचा वास, पहाटेची तालीम, दसरंग, फिरकी, सुईदोरा. नववीत असताना एका निवड चाचणीत अर्ध्या गुणानं माझी निवड हुकली. कुठे कापला तो अर्धा गुण, विचारायला सर गेले. उत्तर मिळालं, कागद दाखवायचा नसतो. बस. टेबलामागे चार माणसं, चहाचे कप, आणि उलटा घालून ठेवलेला कागद. त्यानंतर मी खांबाला हात लावला नाही. कोणी विचारलं की सांगतो, अभ्यास वाढला.

म्हणून तो प्रोटोकॉल बघताना माझ्या पोटात काय झालं असेल ते समजून घ्या. मी इथे का आलो याची माझ्याकडे बरीच उत्तरं आहेत आणि पाहुण्यांनुसार मी ती बदलतो. त्या रात्री वाटलं, खरं उत्तर हा कागद आहे. जिथे पाव फेरीचासुद्धा हिशेब मिळतो तिथे राहावं माणसानं. (हे लिहिताना बरं वाटतंय. पण इथे मला दोन वेळा बढती नाकारली, तेव्हा कोणी नऊ रकाने दाखवले नव्हते, हेही आत्ताच आठवलं.)

आणि कोणी असं समजू नये की हे लोक जन्मजात असे आहेत. मादामना त्या कागदाचं कौतुक ऐकवायची सोयच नव्हती, त्यांनी शेजारी बसल्याबसल्याच माझी शिकवणी घेतली होती. पूर्वी सहापैकी गुण द्यायचे. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला जोडीच्या स्पर्धेत कॅनडाच्या साले आणि पेल्तिए यांना डावलून सोनं रशियाच्या जोडीला गेलं, पाच विरुद्ध चार अशा मतांनी. फ्रेंच परीक्षकबाईंवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर पडलं आणि काही दिवसांनी दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. पेल्तिए केबेकचा. मादामच्या आवाजात बावीस वर्षांनंतरही तिखट होतं. मग ही नवी पद्धत आली, आणि गंमत बघा, सुधारणा म्हणून परीक्षकांची नावंच झाकली. कोणता रकाना कोणाचा हे २०१६ पर्यंत कळत नव्हतं. म्हणजे उलटा कागद इथेही होताच. आपल्याकडे वशिला म्हणतात, इथे प्रकरण म्हणतात.

शिवाय कागद खुला झाला म्हणून भांडण संपलं का? छे. लेकीच्या क्लासमधले पालक ते छापून आणतात. साडेचार फेऱ्यांच्या उडीला चार फेऱ्यांच्या लुट्झपेक्षा फक्त एक गुण जास्त, हा अन्याय की बरोबर? मालिनिन नुसताच उडतो, स्केटिंग कागियामाचं, मग सादरीकरणाच्या गुणांत अंतर इतकं कमी कसं? सातव्या परीक्षकानं तिथे अधिक दोनच का दिले? कॉफी गार होते. आमच्या तालमीत एवढा काथ्याकूट करायला माहितीच नव्हती, म्हणून आम्ही थेट नशिबावर जायचो. वेळ वाचायचा.

बॅकफ्लिपची बंदी उठल्याची बातमी आली त्या संध्याकाळी अण्णांना फोन लावला. साताऱ्यात पाऊस धरला होता, फोन खरखरत होता. अ‍ॅडमच्या उडीचा व्हिडिओ मी आधीच पाठवला होता.

"बघितला," अण्णा म्हणाले. "तीनदा. पोरगं झकास आहे. याचे गुण कापले? डोकी फिरलीत का त्यांची?"

"आता नाही कापणार अण्णा. नियम बदलला."

"मग याचे परत देणार का?"

"नाही."

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग म्हणाले, "तुझा तेव्हा किती कापला होता रे? पाव ना?"

"अर्धा."

"अर्धा कुठला. सरांनी मला पाव सांगितला होता."

"अण्णा, अर्धा होता. मला पक्कं आठवतंय."

"अरे, मी स्वतः गेलो होतो सरांबरोबर. पाव."

पंचवीस मिनिटं आम्ही भांडलो. आईनं शेवटी फोन काढून घेतला.