हीट मारण्यापासून चिप बदलण्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचं नाव झालं ते डेड लॅपटॉपमुळे. पंखा फिरतोय, लाईट लागतायत आणि स्क्रीन काळीठिक्कर. 2009 च्या आसपास असे लॅपटॉप ढिगाने यायचे, आधी स्क्रीनवर उभ्या रेघा, मग रंगीत ठिपके आणि एक दिवस डिस्प्लेच गायब. बाकी सगळे सरळ मदरबोर्ड बदला म्हणायचे, म्हणजे जवळजवळ नव्या लॅपटॉपचेच पैसे. आम्ही दोघं पार्टनर, एक टेबल आणि रंग खरवडायची हीट गन. बोर्ड मोकळा करायचा, ग्राफिक्स चिप सोडून बाकी सगळं फॉइलने झाकायचं, कडेने फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) सोडायचा आणि गोल गोल गन फिरवत हीट मारायची. चिपखालचं सोल्डर, म्हणजे चिप बोर्डला जोडणारा धातू, तडकलंय, ते वितळून परत जोडलं जातं, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो आणि आम्हालाही ते शंभर टक्के खरं वाटायचं. डिस्प्ले आला की गिऱ्हाईक खूश, आम्ही हवेत.

दीड-दोन महिन्यांत तेच लॅपटॉप त्याच बॅगेतून परत यायला लागले. एक कॉलेजची मुलगी तिसऱ्यांदा आली, बोलली काहीच नाही, बॅग टेबलावर ठेवली आणि उभी राहिली. (त्यापेक्षा भांडली असती तर बरं.) त्या बोर्डला हीट मारताना पहिल्यांदाच चिपच्या कडेला थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, वायर लावली, म्हटलं बघू तरी किती तापतंय. आकडा 170 च्या वर गेलाच नाही आणि तरी डिस्प्ले आला! जुनं शिशाचं सोल्डर वितळतं 183 अंशांना, बिनशिशाचं 217 च्या पुढे. म्हणजे वितळलं काहीच नव्हतं, मग एवढे दिवस आम्ही जोडत काय होतो?

दोष चिपच्या आतच होता. वरचा चकचकीत सिलिकॉनचा तुकडा खालच्या हिरव्या पट्टीवर बसतो तो सोल्डरच्या अगदी बारीक ठिपक्यांवर, त्यांना बंप म्हणतात. चिप रोज तापते, गार होते, सिलिकॉन आणि पट्टी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्या ओढाताणीत बंप तडकतात. हीटने ती चीर तेवढ्यापुरती मिटते, बस. एका मोठ्या चिप कंपनीने तर 2008 मध्येच पॅकेजिंगचं मटेरियल कमकुवत निघाल्याचं मान्य करून 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले होते, आम्ही वाचलं फार उशिरा.

मधल्या काळात कर्ज काढून चिप उचलायचं-बसवायचं बीजीए मशीन घेतलं, रिबॉलिंग, म्हणजे चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे नवे बसवणं, शिकलो, आणि तिथेही तेच, खालचे गोळे नवेकोरे पण आतले बंप जुनेच ना! आता बदलायची तर चिपच बदलतो, तीही सुधारित बॅचची, आणि त्याआधी बोर्ड 125 अंशांवर रात्रभर सुकवतो, नाहीतर आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन चिप फुगते. घरच्या ओव्हनमध्ये भाजलेले बोर्ड घेऊनही लोक येतात, कनेक्टर पार मेणासारखे ओघळलेले, त्यांना हात जोडतो.

हीट अजून मारतो, पण फक्त तपासायला. डिस्प्ले आला की चिपच गेलीय हे कळतं, पुढे खर्च करायचा का ते गिऱ्हाईक ठरवतं.

त्या मुलीचे पैसे परत दिले, हार्डडिस्क काढून केसमध्ये घालून दिली. लॅपटॉप ठेवा तुम्हालाच म्हणाली. नवीन पोरगं कामाला लागलं की हीट मारायला त्याच बोर्डवर शिकतं, आणि तो मेला अजूनही कधीकधी डिस्प्ले देतो.