पाच हजारांची पावती

मार्चचा पहिला आठवडा. सकाळी साडेसातला मुकादमाचा फोन: "साहेब, सरकारी वसाहतीतला वड धुपतोय."

जाऊन बघतो तर ज्वाळा कुठेच नाही. पुरुषभर उंचीवरच्या ढोलीतून धुराड्यातून यावा तसा धूर, आणि बुंध्याशी राखेचा ढीग. पाचोळा झाडालाच टेकवून पेटवलेला, आग आतल्या कुजक्या लाकडात शिरलेली.

बंबाने बाहेरून फवारा मारला, काही फरक नाही. शेवटी नळी ढोलीत सरकवली. तापला तवा पाण्यात बुडवल्यासारखा आवाज आला, धूर थांबला आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. पहारीने निखारे उकरून काढले तेव्हा कुठे विझलं. मी नखाने साल खरवडली. रस्त्याच्या बाजूला आत सगळं तपकिरी, कोरडं. मागच्या बाजूला मात्र चीक आला. हुश्श झालं.

दंडाचं पावतीपुस्तक खिशात होतं. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये, हरित लवादाचा (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा) २०१६ चा आदेश. झाडणाऱ्या मावशी खराटा धरून समोर उभ्या.

"काडी मीच लावली, साहेब. घंटागाडीवाला पाला घेत न्हाई. आन् आठाला बीट, माज्या वाटणीचा रस्ता, चकाचक पायजे. मंग कुटं घालू?"

२०१६ च्याच घनकचरा नियमांत लिहिलं होतं की झाडणाऱ्यांनी पाला जाळू नये, वेगळा साठवून द्यावा. बागेतला शक्यतो बागेतच जिरवावा. साठवायचा कुठे, ते आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. वसाहत एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, झाड आमचं. पाला कोणाचाच नाही.

पावती फाडली नाही. नियमाने चुकलंच माझं.

पाल्याचं खत करायला भंगारातली जाळी गोल वळवून कमरेएवढे दोन पिंजरे केले. वडाची पानं चिवट. तशीच भरली तर एकावर एक चिकटून बसतात, मध्ये पाणी उतरत नाही. म्हणून आधी पायांनी चुरली, मधल्या थरांत लॉनचं कापलेलं गवत आणि शेणकाला. चौथ्या दिवशी पहार आत खुपसली, थोड्या वेळाने उपसली. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने टोक इतकं तापलेलं की हातात धरवेना.

मावशींनीही बोट लावून बघितलं. "ही आग चालती व्हय, साहेब?"

दोन्ही पिंजरे पंधरा दिवसांत भरले. तिसऱ्याच्या जाळीसाठी अर्ज दिलाय; तो अजून वरच्या टेबलावर आहे, आणि पिंपळाची पानगळ चालू झालीय.