हॉवर्थ : माळावरचे गाव आणि त्याचे पाणी

हॉवर्थच्या पाद्र्याच्या घराबाहेर पडले की चिमुकल्या बागेपलीकडे थेट दफनभूमीच लागते. शेवाळलेल्या आडव्या शिळा एकमेकींना इतक्या खेटून टाकलेल्या आहेत की मध्ये पाऊल ठेवायलाही जागा शोधावी लागते. माझी लेक लीड्सला नोकरी करते, म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ माळावरचे हे छोटे गाव पाहण्याचा योग आला. बहुतेक लोक येथे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका ब्राँटे भगिनींच्या कादंबऱ्यांच्या ओढीने येतात. मीही तशीच गेले होते, परंतु परतताना डोक्यात विषय राहिला तो पाण्याचा.

कीथलीपर्यंत साधी रेल्वे आणि तेथून पुढे वाफेच्या इंजिनाची गाडी. सुमारे 5 मैलांचा हा फाटा 1867 मध्ये सुरू झाला, 1962 मध्ये बंद पडला आणि 1968 मध्ये हौशी मंडळींनी पुन्हा चालू केला. तिकीट तपासणाऱ्यापासून फलाट झाडणाऱ्यापर्यंत बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. आमच्या इंदूरकडची, महूजवळची पातालपाणी–कालाकुंड ही हेरिटेज गाडी मला आवडते, पण तिथे धबधबा असला तरी इंजिनाच्या धुराचा हा वास तिला नाही, हे कबूल करावे लागेल.

स्टेशनापासून गावात जायचे म्हणजे चढण. मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या टापांना पकड मिळावी म्हणून दगडी चिरे बसवलेले आहेत आणि गुडघेदुखी असलेल्या बाईची ते चांगलीच परीक्षा घेतात. दुतर्फा चहाची व आठवणवस्तूंची दुकाने आहेत. त्यांत वेळ घालवण्यासारखे मला फारसे काही वाटले नाही. वरच्या टोकाला चर्च आणि त्याला लागून ब्लॅक बुल हा जुना गुत्ता, जिथे ब्राँटे बहिणींचा भाऊ ब्रॅनवेल नेमाने जात असे.

त्यांचे वडील पॅट्रिक ब्राँटे 1820 मध्ये येथे धर्मोपदेशक म्हणून आले. त्यांच्या घराचे 1928 पासून संग्रहालय झाले आहे. तिघी बहिणी ज्या टेबलाभोवती लिहीत आणि रात्री फेऱ्या घालत आपापल्या कथानकांची चर्चा करीत, ते टेबल तेथे आहे. त्याच्या लाकडावर कोरलेले एक छोटे ‘ई’ अक्षर जवळून पाहता येते. काड्यापेटीएवढ्या वह्या लहानपणी या भावंडांनीच शिवल्या आणि छापील वाटावे अशा बारीक अक्षरांत लिहिल्या. माझ्या चष्म्याला त्यातली एक ओळही लागली नाही. 1847 मध्ये शार्लट, एमिली आणि ॲन या तिघींच्याही कादंबऱ्या टोपणनावांनी प्रसिद्ध झाल्या आणि पुढच्या दोन वर्षांत ब्रॅनवेल, एमिली व ॲन हे तिघे गेले. शार्लट 1855 मध्ये गेली. सहाही अपत्यांच्या मागे पॅट्रिक 1861 पर्यंत, म्हणजे वयाच्या 84 वर्षांपर्यंत जगले.

मात्र या म्हाताऱ्या पाद्र्याचे खरे मोठे काम मला वेगळेच वाटते. गावाला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून त्यांनी सरकारी आरोग्य मंडळाकडे अर्ज केला आणि 1850 मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज हे निरीक्षक चौकशीसाठी आले. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांचे हे चिरंजीव. त्यांच्या अहवालाप्रमाणे गावातील मृत्यूचे सरासरी वय 25.8 वर्षे होते आणि 41.6 टक्के मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावत. साऱ्या गावाला 69 शौचकूप, त्यांपैकी एकावर दोन डझन कुटुंबे. लोकर विंचरणारे कामगार लोखंडी फण्या तापवण्यासाठी घरात शेगडी पेटती ठेवून खिडक्या बंद करून काम करीत. दफनभूमी चढावर आणि वस्ती उतारावर, तेव्हा जमिनीत मुरलेले पाणी कोठे जात असेल हे सांगायला नको. त्या आडव्या शिळांखाली हवा आणि झाडाझुडपांची मुळे पोहोचत नाहीत, अशीही त्यांची तक्रार होती; आजची दाट झाडी नंतर लावलेली आहे. एमिली तिसाव्या वर्षी गेली याची आपण हळहळ करतो, पण गावाची सरासरी तिने ओलांडली होती.

इंदूरच्या माणसाला हे वाचून पॅट्रिक गेडिस आठवल्यावाचून राहत नाहीत. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आलेल्या या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये शहराचा दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ती सर्वांत स्वच्छ ठेवलेल्या रस्त्यांवरूनच जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. बॅबेजनी आकडे मांडले, गेडिसनी सण हाताशी धरला. आमच्या शहराला दुसरी रीत अधिक मानवली असे मला वाटते, अर्थात यात माझा पक्षपात आहेच.

दुपारी आम्ही टॉप विदन्स या पडक्या शेतघरापर्यंत चालत गेलो. ऑगस्टमध्ये सारा माळ हेदर या झुडपाच्या जांभळ्या फुलांनी झाकलेला असतो आणि वाटेवरच्या खुणांच्या पाट्यांवर इंग्रजीखाली जपानीही लिहिलेले आढळते. एमिलीच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीमधले घर ते हेच, अशी समजूत आहे, पण तेथल्या भिंतीवर ब्राँटे सोसायटीने 1964 मध्ये लावलेल्या फलकावर स्वच्छ लिहिले आहे की ही इमारत धड होती तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखी मुळीच नव्हती, फक्त तिची जागा लेखिकेच्या मनात असू शकेल. भाविकांना असे तोंडावर सांगणारे देवस्थान मी दुसरे पाहिलेले नाही.

उतरून चहाच्या दुकानात बसलो, तेव्हा दुकानातल्या मुलीने नळाच्या पाण्याचा जग आणून टेबलावर ठेवला. मी नकळत पेला उजेडाकडे धरून पाहिला. “आई, अगं पी, आता चांगलं असतं इथलं पाणी,” लेक म्हणाली.