सर, तुमची पोझिशन कापावी लागेल

ब्रोकरच्या ऑफिसात ऑर्डरी टाकणाऱ्या डीलरला सगळे ग्राहक ओळखतात. रिस्कच्या टेबलावरच्या, म्हणजे ग्राहकांच्या जोखमीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा आवाज मात्र त्यांना ऐकू येतो तो बाजार फुटल्यावरच. २२ जानेवारी २००८ ला फोर्टमधल्या एका ब्रोकरकडे मी त्या टेबलावर होतो.

आदल्या दिवशी, सोमवारी, सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला होता. १० जानेवारीला २१,२०० ओलांडून आलेला निर्देशांक १७,६०५ वर बंद झाला. रात्री उशिरापर्यंत आम्ही मार्जिन शॉर्टफॉलची, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत कमी पडलेल्या ग्राहकांची, यादी काढत होतो. क्लायंट कोड, फ्युचरमधली पोझिशन (पुढच्या तारखेच्या वायद्याचा चालू सौदा), तिच्यावरचा तोटा, तारण ठेवलेल्या शेअरची आजची किंमत आणि शेवटच्या रकान्यात भरायची रक्कम. बाजार तेव्हा ९.५५ ला उघडायचा. त्याआधी ती रक्कम जमा झाली नाही, तर पोझिशन कापायची, म्हणजे तो सौदा आम्हीच बंद करायचा, आणि लागलं तर तारणातले शेअरही विकायचे, असा ऑफिसचा नियम होता.

यादीत साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक होते. वीसेक वर्षं थोडे थोडे करून चांगल्या कंपन्यांचे शेअर जमवलेले. २००७ च्या तेजीत कुणीतरी त्यांना सांगितलं, शेअर नुसते पडून आहेत, ते मार्जिनला द्या आणि फ्युचर घ्या. त्यांनी दिले. तेजीभर सगळं ठीक चाललं.

सकाळी आठला फोन लावला.

"सर, तुमच्या खात्यात मार्जिन कमी पडतंय. साडेनऊपर्यंत पैसे यायला हवेत, नाहीतर पोझिशन कापावी लागेल."

"अहो, पैसे आहेत की माझ्याकडं. त्या रिलायन्स पॉवरच्या आयपीओत अडकलेत. रिफंड आला की त्याच दिवशी भरतो."

ते खरं बोलत होते. तो इश्यू, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री, चारच दिवसांपूर्वी बंद झाला होता आणि ७० पटींहून जास्त भरला होता. तेव्हा अर्जासोबत चेक जायचा, पैसे खात्यातून निघायचे आणि शेअर मिळाले नाहीत तर रिफंड यायला बरेच दिवस लागायचे. ऐन पडझडीत देशभरातल्या छोट्या गुंतवणूकदारांची रोकड अशी बाहेर अडकलेली होती.

९.५५ ला बाजार उघडला आणि पाहता पाहता १० टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे सौदे थांबवणारी घसरणीची मर्यादा, लागलं. स्क्रीनवर डावीकडे घेणाऱ्यांचे आकडे पाच-पाच, दहा-दहा शेअरचे, उजवीकडे विकणाऱ्यांचे हजारांत. मग सगळं जागच्या जागी थांबलं. तासभर सौदे बंद.

त्या तासात मी यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ज्यांचे पैसे आयपीओत आहेत त्यांना दुपारपर्यंत तरी मुदत द्या, म्हणालो. साहेब वाईट माणूस नव्हता. "एक्स्चेंज आपल्याकडून मार्जिन आत्ता मागणार. ते रिफंडची वाट बघणार आहे का?" एवढंच त्याचं उत्तर.

मला बाजाराचा जुना इतिहास वाचायची सवय आहे आणि त्या केबिनमधून बाहेर पडताना डोक्यात १८६५ साल होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा मावेना. समुद्रात, बॅक बेच्या भरावासाठी निघालेल्या कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० च्या पुढे गेला. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जं दिली. एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापूस गडगडला आणि १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. ती बँकही पुढे बुडाली.

पडझडी लोक टक्क्यांत मोजतात. मला त्या तारणाच्या गोष्टी वाटतात. शेअरवर कर्ज काढून शेअर घेतले की भाव पडताना तोटा वाढतो आणि त्याच वेळी तारण आटतं. १९२९ ला न्यूयॉर्कमध्ये हेच झालं, १० टक्के स्वतःचे आणि बाकीचे ब्रोकरचे अशा पैशांवर शेअर घेतलेले असायचे. तिथला निर्देशांक डाऊ जोन्स ३८१ वरून १९३२ मध्ये ४१ वर आला आणि जुनी पातळी त्याने १९५४ मध्ये पाहिली. १९९२ ला हर्षद मेहताच्या तेजीमागे बँकांचा पैसा होता, तो परत मागितला गेला आणि ४,४६७ चा सेन्सेक्स वर्षभरात निम्म्यावर आला. दरवेळी सक्तीने विकणारा आणखी भाव पाडतो आणि त्या भावाने पुढच्या माणसाचं मार्जिन कमी पडतं. त्या दिवशी ती साखळी माझ्या हातातल्या कागदावर होती.

१०.५५ ला बाजार पुन्हा सुरू झाला आणि आणखी खाली गेला, सेन्सेक्स १५,३३२ पर्यंत. आमच्या सगळ्या विक्रीच्या ऑर्डरी त्याच सुमारास गेल्या. सरांची पोझिशन कापली, तोटा भरायला शेअरही विकले. संध्याकाळी बाजार १६,७३० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी आणखी साडेआठशे अंक वर.

पुढे ऑक्टोबरात सेन्सेक्स ७,७०० च्याही खाली गेला, तेव्हा ऑफिसात काही जण म्हणाले, सरांचे वेळेवर विकले गेले ते बरंच झालं. मला ते अजिबात पटलं नाही. विकायचं की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात असायला हवं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये, दिवाळीत, सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर होता. अंगावर कर्ज नसलेल्या माणसाला तिथवर थांबता आलं असतं.

त्या विक्रीनंतर आठवड्याने सरांचा फोन आला होता. सौद्यांचा तपशील असलेली कॉन्ट्रॅक्ट नोट समोर घेऊन बसले होते. एकेका शेअरची वेळ आणि भाव माझ्याकडून वाचून घेतला, पेनाने खूण करत गेले. आवाज चढवला नाही. शेवटी विचारलं, "त्या भावाला घेतले कुणी हो?"

स्क्रीनवर नाव दिसत नाही, हे सांगितलं. त्या महिन्यात परदेशी संस्था विकत होत्या आणि आपल्याकडच्या संस्था घेत होत्या, हेही सांगितलं. ज्याच्याकडे त्या घटकेला स्वतःची रोकड होती, त्याने घेतले असणार.

"म्हणजे माझ्याचसारख्यानं," सर म्हणाले, "फक्त त्याचा रिफंड अडकलेला नव्हता." मग त्यांनी फ्युचरचं खातं बंद करायचा फॉर्म कुठे पाठवायचा ते विचारलं.