चेंगडूतला एक दिवस, तिथल्या लोकांच्या वेळांवर

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला जाणारे बहुतेक जण पांडा बघतात आणि पुढच्या शहराकडे निघतात. मला तिथली माणसं रोज काय करतात ते बघायचं होतं, म्हणून दिवसाची आखणी त्यांच्या वेळांवर बसवली: सकाळी भाजीबाजार, मग बाग, दुपारी मठाजवळ जेवण.

पैशांची सोय भारतातच करून ठेवली. अलीपे या चिनी पेमेंट ॲपवर पासपोर्ट दाखवून ओळख पटवायची आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं कार्ड जोडायचं. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, त्यामुळे हे काम निघण्याआधीच उरकावं. एका वेळी 200 युआनपर्यंत अलीपे शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या रकमेवर 3 टक्के. एक मेख मात्र आहे. परदेशी कार्डावरून दुकानाच्या क्यूआर कोडवर पैसे जातात, एखाद्याच्या वैयक्तिक कोडवर जात नाहीत, आणि छोट्या भाजीवाल्यांकडे नेमका तसाच कोड असू शकतो. 5, 10, 20 च्या नोटा खिशात हव्यातच.

बाजारात पाटीवरचा भाव किलोचा नसून जिनचा असतो. एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. कमळकाकडी, बांबूचे कोंब, सुक्या मिरच्यांचे ढीग आणि सिचुआन मिरी. ही मिरी आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाच्याच कुळातली. वास ओळखीचा वाटतो, पण दाणा चावला की जीभ बधिर होऊन झिणझिणते.

तिथून मेट्रोने पीपल्स पार्क, लाईन 2. प्रत्येक स्थानकावर बॅग तपासतात, तेवढी पाच-दहा मिनिटं हाताशी ठेवावीत. 1911 सालच्या या बागेत प्रवेश फुकट आहे. आत 1923 पासूनचं हेमिंग चहाघर आहे, आणि दिवसातला सर्वात जास्त वेळ मी इथेच दिला. काउंटरवर चहा निवडून पैसे भरायचे आणि तळ्याकाठची बांबूची खुर्ची पकडायची. गायवान, म्हणजे झाकण, वाटी आणि बशी, समोर येतं. बशीसकट उचलायचं, नाहीतर बोटं पोळतात. झाकणाने पानं मागे सारत त्याच फटीतून घोट घ्यायचा. गरम पाणी हवं तितक्या वेळा मिळतं, त्यामुळे एका वाटीवर तीन तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

खुर्च्यांमधून कान साफ करणारे चिमटा वाजवत फिरतात. कपाळावर दिवा, हातात बारीक कोरणी आणि पिसाचा कुंचला. भाव आणि त्यात काय काय येतं ते आधीच ठरवून घ्या, नाहीतर मध्येच जादा सेवा जोडली जाते. कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर या वाटेला जाऊच नका. जवळच लग्नाचा कोपरा आहे: मुलामुलींचं वय, उंची, शिक्षण, नोकरी लिहिलेले कागद आणि ते वाचणारे पालक. तिथे मी कॅमेरा बाहेर काढला नाही. तो त्यांचा खाजगी मामला आहे.

जेवायला वेन्शू मठ: एक स्थानक तियानफू चौकापर्यंत, मग लाईन 1 ने दोन. मठ बौद्ध असल्याने इथलं जेवण शाकाहारी असतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी इथेच जेवावं. बाहेर मापो टोफूत सहसा गोमांसाचा खिमा असतो आणि साधी पालेभाजीही डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. ‘वो छर सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे चिनी लिपीत लिहून मोबाईलवर ठेवा. बाराच्या सुमारासच जेवायला बसा; दोननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांत संध्याकाळपर्यंत काही मिळत नाही.