गच्चीची गळती, २३ दिवसांची वाट आणि शेवटी स्वतः केलेलं काम

आमचं घर नागपुरात, मानेवाड्याकडे. सासऱ्यांनी २००३ साली बांधलेलं, वर ८०० चौरस फुटांची गच्ची. मागच्या ऑगस्टमध्ये मागच्या खोलीच्या छताला भाकरीएवढी ओल दिसली, गणपती येईपर्यंत ती परातीएवढी झाली. पावसात हे काम होत नाही, उन्हाळ्यात बोलवा, असं सगळ्यांनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मी एवढंच केलं, की ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख लिहिली. पुढे दर आठवड्याला नवी रेघ, नवी तारीख.

एप्रिल लागल्याबरोबर फोन सुरू केले. तीन जण येऊन गेले. पहिल्याने खालूनच छताकडे पाहिलं, गच्चीचा जिनासुद्धा चढला नाही, आणि साठ-सत्तर हजार धरून चाला म्हणाला. दुसरा वर गेला, पायाने दोन-तीन ठिकाणी ठोकलं आणि जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, फोडून नवा करावा लागेल, ९५ हजार, असं सांगून मोकळा झाला. तिसरा म्हणाला, फोडायची गरज नाही, पूर्ण गच्चीला केमिकल कोटिंग करू, ८० रुपये फूट. म्हणजे ६४ हजार. मी तिघांनाही एकच विचारत होते, पाणी नेमकं कुठून शिरतंय? तिघांचंही उत्तर एकच, "गच्चीतून."

मला राग आहे तो याच उत्तराचा. ८०० फुटांची गच्ची आणि एका कोपऱ्यातली ओल यांत फरक आहे, आणि तो शोधायला पाण्याची बादली लागते, दुसरं काही नाही.

तेव्हा मात्र हे सुचलं नाही. तिसऱ्याचं बोलणं बरं वाटलं म्हणून २१ एप्रिलला त्याला ५ हजार आगाऊ दिले. "सोमवारी माणसं पाठवतो, ताई." सोमवारसाठी आम्ही गच्ची रिकामी केली. कुंड्या खाली आणल्या, खाट हलवली. कुरडया-पापडांचे हेच दिवस, पण सासूबाईंनी सगळं वाळवण डोक्यावर घेऊन शेजारच्या काकूंच्या गच्चीवर नेलं. सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी फोन केला तर माणसं लग्नाला गावी गेली होती. मग मटेरियल आलं नव्हतं. मग गाडी बिघडली. मग, "ताई, निघूनच राहिलो, अर्ध्या तासात पोचतो." मी शाळेतून दोनदा अर्धी रजा टाकून घरी येऊन बसले. सासूबाई रोज दुपारी विचारायच्या, "येऊन राहिले का आज?" आणि संध्याकाळी काकूंकडून डबे उचलून आणायच्या. हे म्हणाले, जाऊ दे, दुसरा बघू. पण दुसरा बघायचा म्हणजे पुन्हा तीन जण, पुन्हा तीन आकडे, आणि मृग ७ जूनच्या आसपास लागतो. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो असं धरलं तरी त्याआधी काम होऊन, वाळून, तपासून व्हायला हवं. गेलेला एकेक दिवस मला त्या पेन्सिलच्या रेघांवर दिसत होता.

१४ मे रोजी सकाळी ७ वाजता मी त्याच्या घरी गेले. त्याने वाद घातला नाही, खिशातून पाचशेच्या १० नोटा काढून दिल्या. जमत नाही हे त्याने २२ एप्रिललाच सांगितलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते. कोणाला आगाऊ पैसे देणार असाल तर कामाची तारीख कागदावर घ्या आणि त्या तारखेला माणूस आला नाही तर दुसऱ्याच दिवशी पैसे परत मागा. मी २३ दिवस थांबले, ती माझीही चूक.

त्याच संध्याकाळी मुलाने आणि मी पाण्याने तपासायचं ठरवलं. मातीचे दोन इंची बांध घालून गच्चीचे चार भाग केले. पन्हाळीच्या पाइपात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला. रोज एकाच भागात विहिरीचं पाणी भरायचं आणि २४ तास छताकडे लक्ष ठेवायचं. पाणी इंच-दीड इंचाच्या वर भरू नका, एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो वजन होतं. खालच्या खोलीतला कूलर आम्ही तीन दिवस बंद ठेवला, नाहीतर दमट हवेची ओल कोणती आणि वरची कोणती ते कळलंच नसतं. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय तीन दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. पहिले दोन भाग कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी, १७ तारखेला, भरल्यापासून पाच तासांत ओल पेन्सिलच्या रेघेबाहेर आली.

तो कोपरा निघाला मागच्या कठड्याचा. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला जुना वाटा, म्हणजे कोपऱ्यात मारलेली सिमेंटची गोलाई, सुटला होता, फटीत पोस्टकार्ड सरळ आत जात होतं. दिवसभर तापून स्लॅब फुगतो, रात्री आकसतो, विटांचा कठडा त्याच्याबरोबर तेवढा हलत नाही, म्हणून फट नेमकी तिथे पडते. तिथून पन्हाळीपर्यंतची १८ फुटांची पट्टी सोडली तर सगळी गच्ची धडधाकट होती. ६४ हजारांचं काम नव्हतंच ते.

तरी लगेच हात घातला नाही. आधी स्टुलावर चढून खालच्या छतावर नाण्याने ठोकत गेले. आवाज सगळीकडे भरीव आला. कुठे पोकळ वाजलं असतं, गंजाचे तांबूस डाग असते किंवा प्लास्टर सुटून सळई दिसली असती, तर मी इंजिनिअरलाच बोलावलं असतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, तिथे वरून कोटिंग लावणं म्हणजे आजार झाकणं. माझ्या मनाशी हिशेब असा होता की इथे चुकलं तर कोटिंगच्या डब्याचे पैसे जातील आणि पुन्हा करता येईल. बीम, सळया, भिंतीतली वायर यांत चुकलं तर चूक दिसतसुद्धा नाही, म्हणून तिथे मी कधीच हात लावणार नाही. मागच्या छज्ज्याचा सांधाही मी केला नाही. त्यासाठी कठड्याच्या बाहेर फळीवर उभं राहावं लागतं. मजुरांच्या ठिय्यावरून एक मिस्त्री आणि हेल्पर आणले, एका दिवसाचे १,५०० दिले, आणि पन्हाळीच्या पाइपाचा सांधाही त्यांच्याकडूनच भरून घेतला.

बाकी काम २२ ते २५ मे या चार सकाळींत झालं. फट छिन्नीने इंग्रजी व्हीसारखी उघडली, तारेच्या ब्रशने घासली. वाळलेलं शेवाळ काळ्या पापडासारखं सुटून येत होतं. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने फट भरून नवा गोल वाटा मारला, तो वाळल्यावर पावडर आणि लिक्विडचं कोटिंग दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये जाळीची पट्टी. पहिल्या दिवशी मी अख्खी बादली कालवली आणि ती २० मिनिटांत घट्ट झाली, अर्धी फेकावी लागली. पुढे चौथाई-चौथाईच कालवलं. पहाटे ५ ला सुरू करायचं आणि ८ ला थांबायचं, त्यानंतर ब्रश टेकवण्याआधीच लेप सुकतो आणि त्याला बारीक चिरा पडतात. लेपाच्या आधी जागा पाण्याने ओलावून घ्या, पण पाणी साचलेलं नको. हे डब्यावर लिहिलेलं असतं, मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

सामान ४,३०० चं झालं. मिस्त्री धरून ५,८००.

२ जूनला त्याच भागात पुन्हा २४ तास पाणी भरून ठेवलं. ही तपासणी कोणाकडून काम करून घेतलंत तरी पैसे चुकते करायच्या आधी करा. छत कोरडं राहिलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला. पहाटे टॉर्च घेऊन वर गेले तर पाणी सरळ पन्हाळीकडे वाहत होतं. खाली आले तेव्हा सासूबाई आधीच स्टुलावर चढून छताला तळहात लावून उभ्या होत्या. आज जुलै संपत आला. सगळ्यांत बाहेरची रेघ अजून १७ मेचीच आहे. दिवाळीच्या रंगापर्यंत ती पुसायची नाही, असं त्यांनीच सांगितलंय.