पाइपवरचा पाय

अमेरिकन अभिनेत्री मेबल नॉर्मंडची ‘मेबल ॲट द व्हील’ ही १९१४ सालची मूक विनोदिका परवा दुपारी सहज लावली आणि मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवरून ती डबक्यात पडते, तेवढाच प्रसंग पुनःपुन्हा पाहत बसले. पडणे कोणालाही जमते. पण आपण पडलो आहोत हे उमगेपर्यंतचा अर्धा क्षण तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

नायकाला सोडून शेजारच्या पात्राकडे पाहण्याची खोड मला गणेशोत्सवात लागली. रस्त्यात आडवा पडदा बांधून चित्रपट दाखवीत आणि उशिरा पोहोचणाऱ्या आम्हा मुलांना पडद्यामागची जागा मिळे. मूकपटांतल्या पाट्या तेथून उलट्या दिसत, त्यामुळे जो तो एखादा चेहरा निवडून त्याच्यावर नजर ठेवी. चॅप्लिन सगळ्यांनीच घेतलेला असे. मी उरलेल्यांवर समाधान मानी.

या चित्रपटात चॅप्लिन खलनायक आहे आणि निर्माता मॅक सेनेटच्या जोडीने मेबल स्वतः दिग्दर्शिका. ती एकवीस वर्षांची, तो चोवीसचा. पाण्याच्या पाइपवर नकळत पाय द्यावा, पाणी का थांबले म्हणून तोंडाशी डोकावावे आणि पाय उचलताच भिजून निघावे, अशी करामत त्याने सुचवली. वेळ नाही, असे तिने सांगताच तो काम सोडून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. हे त्यानेच आत्मचरित्रात लिहिले आहे आणि वाचणारे बहुधा त्याची बाजू घेतात. मी घेत नाही, कारण चित्रपटाचे आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनी हीच करामत १८९५ मध्ये पडद्यावर आणली होती. एकोणीस वर्षांच्या शिळ्या विनोदाला नकार देणारी दिग्दर्शिका मला तरी शहाणी वाटते.

पुढे तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली, १९१८ मध्ये ‘मिकी’ तुफान चालला. मग १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांचा खून झाला. त्या संध्याकाळी ती त्यांच्याकडे पुस्तके आणायला गेली होती, एवढ्यावर वृत्तपत्रांनी तिला सोलून काढले. १९२४ मध्ये तिच्या मोटारचालकाने एका श्रीमंत परिचितावर गोळी झाडली, तेव्हा काही ठिकाणी तिच्या चित्रपटांवरच बंदी आली. गोळी दुसऱ्याने झाडली होती. १९३० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. तिचे कितीतरी चित्रपट हरवले. जे आज सहज सापडतात, त्यांतले बरेचसे चॅप्लिन त्यांत आहे म्हणून जपले गेले.